पळवाट लिहायची तर आधी चालून बघा

कथेतल्या अनोळखी बाईला मारेकऱ्यांच्या हातून सोडवायचंय? ती वाट मी आधी स्वतः चालतो. माझी आवडती जागा कर्जत स्टेशन. बोरघाटात ३७ फुटांमागे एक फूट चढ, म्हणून पुण्याच्या अनेक गाड्यांना इथे मागून बँकर, म्हणजे गाडी ढकलणारी जादा इंजिनं लागतात. ती लागताना डब्याला धक्का बसतो, कपातला चहा हिंदकळतो, फलाटावर वडापाववाले ओरडत असतात. नेमकं तेव्हाच तिला पलीकडच्या दाराने रुळांवर उतरवा.

मदत करणारा शूर नको. हमाल घ्या, घाबरलेला, उद्या मुलीची फी भरायची असलेला. तो नाव विचारत नाही, अंगातला लाल सदरा काढून तिला देतो. इथे संवाद लिहूच नका, माझं ऐका. सदऱ्याला घामाचा वास येतो, तेवढं लिहा.