करवंदाच्या सरबताचा रंग टिकवायचा तर

मे महिन्यात भोर-मुळशीकडच्या बायका मंडईत करवंदाच्या पाट्या घेऊन बसतात. सरबतासाठी पूर्ण काळी झालेलीच घ्या; लालसर असतील त्यांना चीक जास्त. हा काळा-जांभळा रंग म्हणजे अँथोसायनिन, आणि करवंदातल्या अँटिऑक्सिडंटांचा मोठा वाटा त्याचाच. म्हणजे सरबत तपकिरी पडलं की नुसतं रूप नाही, मालच गेला. (तरी प्रयोगशाळेतला अँटिऑक्सिडंट आणि पोटातला यांत फरक असतो, त्यामुळे औषध म्हणून पिऊ नये. चवीसाठी प्यावं.)

1 किलो करवंदं अख्खीच मिठाच्या पाण्यात पंधरा मिनिटं ठेवा, चीक सुटतो. चिरून धुऊ नका. रंग पाण्यात विरघळणारा, मोरीत वाहून जातो. मग स्टीलच्या पातेल्यात 200 मिली पाण्यासोबत मंद आचेवर ठेवा. लोखंडी कढई नकोच, लोह मिसळून रस काळपट होतो. पाणी वाफाळू लागलं, कडेला बारीक बुडबुडे आले (साधारण 80 अंश) की दोन-तीन मिनिटांत उतरवा. एवढी ऊब लागतेच. फळातली विकरं कच्च्या रसाला हवेत तपकिरी करतात, ती या ऊबेनं थांबतात आणि सालीतला रंग रसात उतरतो. रटरट उकळलं तर मात्र रंग तर जातोच, शिवाय करवंदात पेक्टिन भरपूर, त्यामुळे साखरेसोबत शिजवल्यावर बाटलीत सरबताऐवजी जेली निघते.

पातेलं लगेच गार पाण्याच्या परातीत ठेवा. गार झाल्यावर चाळणीवर हातानं कुस्करा. मिक्सर नको, बिया फुटून तुरटपणा उतरतो. चोथ्यावर अर्धी वाटी कोमट पाणी घालून पुन्हा एकदा पिळा, सालीत बराच रंग अडकलेला असतो.

रस मोजा. जेवढे मिली रस, तेवढे ग्रॅम साखर. साखर तिच्या निम्म्या पाण्यात वेगळी उकळून पाक पूर्ण गार करा, मगच रस मिसळा, वर 5 ग्रॅम सायट्रिक अॅसिड. आंबटपणात रंग लाल आणि पक्का राहतो. पांढऱ्या बशीत रसाचे दोन थेंब घेऊन एकावर चिमूटभर खायचा सोडा टाका: क्षणात निळा-हिरवा. बोअरचं जड पाणी वापरलं तर हाच प्रकार थोड्या प्रमाणात होतो, म्हणून सरबताला नळाचं किंवा फिल्टरचं पाणी घ्या. व्हिटॅमिन सीची गोळी भलेपणानं टाकू नका, तिनं रंग लवकर उडतो.

टिकाऊपणासाठी दुकानदार पोटॅशियम मेटाबायसल्फाइट देईल. ते आंब्याच्या स्क्वॅशला ठीक. करवंद, जांभूळ, कोकमाचा रंग ते ब्लीच करतं. यांना सोडियम बेंझोएट, लिटरला 0.6 ग्रॅम, चमचाभर पाण्यात विरघळवून. घरातच महिनाभरात संपवणार असाल तर तेही नको, फ्रीज पुरे. बाटली उकळून कोरडी ठणठणीत करा, गळ्यापर्यंत भरा म्हणजे आत हवा कमी, आणि उजेडापासून लांब ठेवा.

जांभळाला हीच रीत, फक्त साल सोलायची नाही: गर फिका असतो, रंग बहुतेक सालीत.