गेमिंग चॅनेल: कॅमेऱ्याआधी आवाज

मुंबईतल्या वन-रूम-किचनमध्ये पंखा, खालचे रिक्षावाले आणि शेजारचा मिक्सर असे सगळे तुमच्या व्हिडिओत येतात. म्हणून पहिले पैसे कॅमेऱ्यावर नव्हे, माइकवर घाला. कंडेन्सर माइक खोलीभरचा आवाज ओढतो, तेव्हा जवळचाच आवाज पकडणारा डायनॅमिक घ्या आणि तोंडापासून चार बोटांवर, जरा तिरका ठेवा. लांब ठेवलात तर गेन, म्हणजे माइकचा आवाज उचलण्याचा जोर, वाढवावा लागतो, आणि गेनबरोबर पंखाही वाढतो. ओबीएस या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरच्या ऑडिओ मिक्सरमध्ये बोलताना पट्टी पिवळ्यात, म्हणजे उणे २० ते उणे ९ डेसिबलमध्ये खेळली पाहिजे. लालमध्ये गेली की आवाज फाटायची भीती.

आता खरी मेख. सेटिंग्जमध्ये आउटपुट मोड ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ करून रेकॉर्डिंगखाली ट्रॅक, म्हणजे आवाजाचे वेगवेगळे थर, १, २, ३ वर टिक करा. मग ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीज’मध्ये माइकला १ आणि २, गेमला १ आणि ३ द्या. गेममधल्या गाण्यावर कॉपीराइट क्लेम आला, तर एडिटमध्ये पहिला आणि तिसरा ट्रॅक बंद करून फक्त दुसरा ठेवायचा. तुमची बडबड शाबूत. सगळं एकाच ट्रॅकवर असेल तर गाणं काढताना बोलणंही जातं.

फाइल एमकेव्ही या व्हिडिओ फॉरमॅटमध्येच रेकॉर्ड करा. रेकॉर्डिंग चालू असताना लाइट गेली की साधी एमपी४ फाइल सहसा उघडतच नाही. एमकेव्ही तिथपर्यंतची वाचते. नंतर फाइल मेनूतल्या ‘रिमक्स’ने एमपी४ होते, क्वालिटी न घटता.

आणि हो, दोन मिनिटांचं टेस्ट रेकॉर्डिंग स्वस्तातल्या इयरफोनवर ऐका. बहुतेक प्रेक्षक लोकलमध्ये तसंच ऐकणार आहेत.