कुत्र्यांचं चुकून मेटिंग झालं तर मालकाने काय करायचं

सगळ्यात आधी, दोघं अजून अडकलेले असतील तर ओढू नका. काहीही झालं तरी ओढू नका.

मेटिंग झाल्यावर नर वळतो आणि दोघं शेपटीला शेपूट लावून उलट्या दिशांना तोंड करून उभे राहतात, यालाच आपण लॉक झाले म्हणतो. नराच्या लिंगाच्या मुळाशी गाठ असते, ती आत फुगते आणि मादीचे स्नायू तिला घट्ट धरून ठेवतात, सूज उतरली की दोघं आपोआप सुटतात. याला साधारण ५ ते ३० मिनिटं लागतात, कधी कधी तासभरही जातो. गल्लीत अशा वेळी काय चालतं ते सगळ्यांनी बघितलंय, पोरं दगड मारतात, कुणी काठी आणतं, वरच्या मजल्यावरून कुणीतरी बादली ओततं, मादी घाबरून पळायला बघते आणि नर तिच्या मागे उलटा फरफटत जातो. खरंच बघवत नाही. आणि एवढं करून गर्भ राहायचा थांबत नाहीच, कारण वीर्य तोपर्यंत आत गेलेलं असतं, फक्त दोघांनाही आतून जखमा होतात. तुम्ही एवढंच करा, आपल्या कुत्रीला पट्टा लावा, तिच्या डोक्याशी उभं राहून हळू आवाजात बोलत राहा, तिला एकदम बसू किंवा लोळू देऊ नका आणि जमलेली गर्दी हाकला. हात तिच्या तोंडापासून लांब ठेवा, दुखत असेल तर घरची लाडकी कुत्रीसुद्धा चावते. नर रस्त्यावरचा असेल तर त्याला हात लावायला जाऊच नका.

सुटल्यावर दोघांकडे नीट बघा. नराचं लिंग थोड्या वेळात परत आत जायला हवं, अर्ध्या तासानंतरही बाहेरच असेल आणि सुजलेलं दिसत असेल तर लगेच डॉक्टरकडे न्या, उशीर झाला तर रक्तपुरवठा बंद पडतो. मादीला ताजं लाल रक्त जास्त येत असेल तर तिलाही दाखवा. तिला आंघोळ घालून किंवा आतून धुऊन काही उपयोग नसतो, ते करू नका. झटापटीत कुणी चावलं असेल, कुत्रीला किंवा तुम्हाला, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि रेबीजच्या इंजेक्शनसाठी त्याच दिवशी जा.

मग तारीख लिहून ठेवा. मोबाइलमध्ये, कॅलेंडरवर, कुठेही, पण लिहा, कारण पुढचं सगळं गणित त्या तारखेवर आहे. दिवस साधारण ६३ भरतात, म्हणजे १ सप्टेंबरला मेटिंग झालं तर ३ नोव्हेंबरच्या आसपास पिल्लं, चार-पाच दिवस इकडे तिकडे. आणि हो, मेटिंग झालं म्हणजे हीट, म्हणजे मादीचा माजाचा काळ, संपली असं नसतं. अजून आठवडाभर ती दुसऱ्या नराला घेऊ शकते, एकाच वेळच्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात. त्यामुळे आता काय व्हायचं ते झालं म्हणून तिला मोकळं सोडू नका, गच्चीवरही एकटी नको, फिरायला नेलं तर पट्ट्यानेच. हीटचा डायपर फरशी स्वच्छ ठेवायला असतो, तो नराला अडवत नाही. घरात तिचा भाऊ किंवा मोठा झालेला मुलगा असेल तर तोही वेगळ्या खोलीत, कुत्री नाती पाळत नाहीत.

पुढच्या दोन-तीन दिवसांत व्हेटकडे जा, आणि सगळं खरं सांगा: कधी झालं, लॉक झाले होते का, नर केवढा होता, तिचं वय काय, ही कितवी हीट. लाज वाटायचं कारण नाही. लॉक झालं नाही तरी गर्भ राहू शकतो आणि लॉक होऊनही राहात नाही, त्यामुळे घरी बसून अंदाज बांधू नका. मेडिकलमधून माणसांची गोळी आणून देणं हा तर शुद्ध वेडेपणा आहे, तसंच कुणी ओळखीचा म्हणाला एक इंजेक्शन मारतो, सगळं साफ होईल, तर त्यालाही नाही म्हणा. पूर्वी त्यासाठी इस्ट्रोजेनची इंजेक्शनं सर्रास द्यायचे आणि त्याने गर्भपिशवीत पू होणं, बोन मॅरो दबून रक्त कमी होणं असले जिवावरचे प्रकार होतात. पिल्लं नको असतील तर दोन सरळ रस्ते आहेत, एक म्हणजे हीट संपल्यावर डॉक्टर सांगतील तेव्हा नसबंदीचं ऑपरेशन, आणि दुसरा म्हणजे गर्भ थांबवायची औषधं, ती ठरावीक दिवसांतच आणि डॉक्टरांच्या नजरेखालीच. जिला पुढे मुद्दाम पिल्लं काढायची नाहीत तिच्यासाठी माझं मत ऑपरेशनच. कुत्री स्वतःच वर्षाच्या आतली असेल किंवा छोट्या जातीची असून नर दांडगा असेल तर निर्णय लांबवू नका, अडली तर सिझेरियनची वेळ येते.

गर्भ आहे का हे चार आठवड्यांनी सोनोग्राफीत कळतं. माणसांची प्रेग्नन्सी किट कुत्र्यांना चालत नाही. पोट दिसलं, दूध आलं म्हणून गाभणच आहे असंही नाही, खोटी गर्भधारणा कुत्र्यांमध्ये खूप होते. पण हीटनंतर महिना-दोन महिन्यांत ती खूप पाणी प्यायला लागली, खाणं सोडलं, खालून घाण वासाचा स्राव येतोय, तर ते पिशवीतलं इन्फेक्शन असू शकतं, रात्र असली तरी थांबू नका.

नर रस्त्यावरचा असेल तर अजून एक गोष्ट, टीव्हीटी. हा मेटिंगमधून पसरणारा ट्यूमर आहे, आपल्याकडच्या रस्त्यावरच्या कुत्र्यांत बराच दिसतो. पुढच्या काही महिन्यांत योनीजवळ फुलकोबीसारखी गाठ दिसली किंवा हीट नसताना रक्ताचे थेंब पडले तर दाखवा, बहुतेक वेळा दर आठवड्याच्या केमोच्या इंजेक्शनांनी बरा होतो. नराच्या मालकांनीही हेच बघायचं.

आणि नराचे मालक म्हणजे, आमचा तर नर आहे, आम्हाला काय, असं म्हणणारे. हे मला अजिबात पटत नाही. तुमचा कुत्रा गेटमधून सुटून शेजारच्या कुत्रीवर गेला असेल तर सोनोग्राफी, ऑपरेशन, पिल्लांचं खाणं, लस, यातला अर्धा खर्च तुमचा, आणि पिल्लांना घरं शोधायचं अर्धं कामही तुमचं. रस्त्यावरच्या कुत्रीवर गेला असेल तर तिला तिथेच टाकून विसरू नका, महापालिकेच्या किंवा एखाद्या संस्थेच्या नसबंदी गाडीला कळवा, ती पकडली जाईपर्यंत रोज खायला घाला. भाद्रपदात गल्लोगल्ली हे चालू असतं, आणि थंडीत जी पिल्लं गाडीखाली मरतात ती तिथूनच आलेली असतात. २०२३ च्या एबीसी, म्हणजे प्राण्यांच्या जन्मनियंत्रणाच्या, नियमांत पाळीव कुत्र्याची नसबंदी आणि लसीकरण ही मालकाची जबाबदारी असं स्पष्ट लिहिलंय.

पिल्लं होऊ द्यायची ठरलं तर शेवटच्या तीन-चार आठवड्यांत खाणं हळूहळू वाढवा, पपी फूड चालेल. कॅल्शियम मनाने देऊ नका, आधी जास्त दिलं तर व्याल्यावर उलट त्रास होतो. शांत कोपऱ्यात जुन्या चादरींचं खोकं ठेवा. तिच्या अंगाचं तापमान रोज बघा, ते ९९ फॅरनहाइटच्या खाली गेलं की साधारण दिवसभरात व्यायला लागते. अर्धा तास जोरात कळा देऊनही पिल्लू येत नसेल, दोन पिल्लांमध्ये दोन तासांपेक्षा जास्त गेले, किंवा पहिल्या पिल्लाआधीच हिरवा-काळा स्राव आला तर उचला आणि दवाखान्यात. दूध पाजताना आई थरथरायला लागली, पाय ताठ झाले तर कॅल्शियम घसरलंय, तेव्हा एक तासही घालवू नका.

पिल्लं ८ आठवड्यांची होईपर्यंत आईपाशीच. त्याआधी विकणं २०१७ च्या ब्रीडिंग नियमांप्रमाणे बेकायदेशीर आहे, आणि पोत्यात घालून मंदिराबाहेर किंवा मार्केटात सोडणं हा प्राण्यांवरची क्रूरता रोखायच्या १९६० च्या कायद्याने गुन्हा. जंत आणि पहिली लस करूनच द्या, घेणाऱ्याच्या घरी स्वतः जाऊन या, नसबंदी करायची हे लेखी घ्या, आणि नाही जमलं तर पिल्लू परत माझ्याकडे असं स्पष्ट सांगा. मिक्स पिल्लांना घरं मिळायला वेळ लागतो, म्हणून शोध डोळे उघडायच्या आधीच सुरू करा.

दूध पूर्ण आटलं की आईचं ऑपरेशन करून घ्या. खर्च जड वाटत असेल तर मुंबईत परळच्या बैलघोडा हॉस्पिटलसारख्या धर्मादाय दवाखान्यात किंवा जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा. नराचं ऑपरेशन केलं तरी पुढचे काही आठवडे त्याच्यापासून गर्भ राहू शकतो, तेवढे दिवस त्याला हीटवरच्या मादीपासून लांबच ठेवा.