अजिंठ्याची चित्रं पाहायची कशी

अजिंठ्याला गेलात की आधी पहिल्या लेण्यात शिरू नका. माझ्या चित्रकलेच्या वर्गातली पोरं दरवेळी कुरकुर करतात, तरी मी त्यांना थेट दहाव्यात नेतो. लेण्यांचे नंबर वाटेवर लागतील तसे पडलेत, वयाशी त्यांचा काही संबंध नाही. नववं-दहावं इसवी सनापूर्वीचं, सातवाहनांच्या काळातलं. पहिलं, दुसरं, सोळावं, सतरावं पाचव्या शतकातलं, वाकाटक राजा हरिषेणाच्या वेळचं.

दहाव्यात डाव्या भिंतीवर एक राजा लवाजम्यासकट बोधिवृक्षाच्या पूजेला आलाय. पुष्कळ झिजलंय, पण माणसं एका लांब पट्टीत ओळीने येतात एवढं लक्षात ठेवा. खांबांवरचे बुद्ध मात्र नंतरचे, त्यांची गल्लत करू नका. तिथेच एका खांबावर जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने एप्रिल १८१९ मध्ये स्वतःचं नाव कोरलंय. ते आज डोक्याच्या वर दिसतं, कारण तेव्हा लेण्यात मातीचा भराव होता. नावं कोरायची खोड आपलीच आहे असं नाही.

आता गिलावा जिथे फुटलाय ती कड शोधा. आत मातीचा जाड थर, त्यात तूस आणि गवताचे तंतू, वर चुन्याचा पातळ हात. गावाकडे भिंत लिंपतात त्यातलाच प्रकार. रंग चढवले ते या कोरड्या पृष्ठभागावर. ओल्या चुन्यावर रंगवायची युरोपातली रीत इथली नव्हे. लाल-पिवळी माती, हिरवा दगड, काजळी, चुना, असं बहुतेक सामान दगडमातीतलंच. निळा तेवढा अफगाणिस्तानातून आलेल्या लाजवर्द नावाच्या दगडाचा, आणि तो नंतरच्या लेण्यांतच भेटतो. काही ठिकाणी सगळ्यावरच पिवळट झाक दिसते, तिचा दोष चित्रकाराला देऊ नका. ती नंतरच्या लोकांनी जपणुकीसाठी फासलेल्या वार्निशची.

सतराव्यात सगळ्यात जास्त वेळ घालवा. उजवी भिंत सिंहल नावाच्या व्यापाऱ्याच्या गोष्टीने भरलीय: जहाज फुटतं, व्यापारी राक्षसिणींच्या बेटावर सापडतात, पांढरा घोडा सिंहलाला सोडवतो. इथे डावीकडून उजवीकडे वाचत गेलात तर काहीच हाती लागणार नाही. चित्रकाराने प्रसंग जागेप्रमाणे मांडलेत. राजवाड्यातलं एकीकडे, बेटावरचं दुसरीकडे. एकच माणूस पुन्हा पुन्हा भेटतो. त्याला हेरा आणि खांब, झाडं, दारं जिथे येतात तिथे प्रसंग बदलला असं धरून चला. पोरांना मी आधी नुसतं सिंहलाला मोजायला लावतो, गोष्ट मागाहून सांगतो.

मग पहिलं लेणं. पद्मपाणीपुढे, म्हणजे हातात कमळ धरलेल्या बोधिसत्त्वापुढे, गर्दी असतेच. दारातून आत आल्याबरोबर काही दिसत नाही. डोळे अंधाराला सरावेपर्यंत मुकाट उभं राहा. फ्लॅश चालत नाही, आणि मोबाइल खिशातच ठेवाल तर उत्तम. मुकुट, मोती वगैरे सगळेच बघतात. तुम्ही भुवयांची रेघ बघा, मग निळं कमळ धरलेला उजवा हात. छायेपेक्षा रेघच बोटांना गोलाई देते. आपल्याकडची चित्रकला पुढे कितीतरी शतकं या रेघेवर जगली, असं माझं ठाम मत आहे. वर्गात शेडिंगचा हट्ट धरणाऱ्यांना हा हात आधी दाखवावा.

जमलं तर दुसऱ्या दिवशी वेरूळ. कैलासात आणि बत्तिसाव्या लेण्याच्या छतावर जुने रंग शिल्लक आहेत. तिथे नाकं टोकदार होऊ लागतात, चेहरा वळलेला असला की पलीकडचा डोळा गालाबाहेर डोकावतो. तोच डोळा पुढे गुजरातेतल्या जैन पोथ्यांत ठसठशीत होऊन बसतो. वेरूळला दुर्बीण न्या, छत उंच आहे. आणि वार बघून निघा: अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी.