मिक्सिंगच्या वेळी अरेंजमेंट बदलताना या चुका टाळा

मिक्सिंगमध्ये, म्हणजे रेकॉर्ड केलेले ट्रॅक एकत्र जुळवताना, गायिकेचे शब्द कळत नाहीत अशी तक्रार आली की हात आधी इक्यूकडे (आवाजातले जाड-बारीक भाग कमी-जास्त करणाऱ्या साधनाकडे) जातो. आवाजाला ३ किलोहर्ट्झच्या आसपास उठाव दिला जातो, बासरीतून तोच भाग कापला जातो, गिटार २ डीबी (डेसिबल) खाली येते. इतकं करून शब्द थोडे कळू लागतात, पण आता आवाज टोचतो आणि बासरी पोकळ वाटते. अशा वेळी बासरीचा ट्रॅक म्यूट करून तो अंतरा एकदा ऐका. शब्द आपोआप पुढे आले तर समजायचं की बासरी गायिकेच्याच सप्तकात, तिच्याच ओळीवर वाजतेय. हा प्रश्न संयोजनाचा, म्हणजे अरेंजमेंटचा आहे आणि इक्यूने तो सुटणार नाही.

गायक आणि वाद्यवृंद एकत्र बसून रेकॉर्डिंग करत, तेव्हा कोणी कुठे थांबायचं हे संगीत संयोजक तालमीतच ठरवून टाकत असे. आता लॅपटॉपवर ट्रॅक वाढत जातात आणि तो निर्णय मिक्स करणाऱ्यापर्यंत तसाच लोंबकळत येतो. आपलं गाणं शब्दांवर उभं असतं. त्यामुळे हा निर्णय कुठल्याही महागड्या प्लगिनपेक्षा (सॉफ्टवेअरला जोडायच्या साधनापेक्षा) मोलाचा आहे असं मी ठामपणे मानतो.

एकेक ट्रॅक सोलो करून ठरवणं

सोलो केलं, म्हणजे तो एकच ट्रॅक ऐकला, की प्रत्येक वाद्य छानच वाटतं. गिटारची बारीक कारागिरी ऐकू येते आणि ती काढायला मन होत नाही. उलट्या दिशेने जा. फक्त आवाज आणि ठेका ठेवून गाणं पूर्ण ऐका, मग एकेक वाद्य आत घ्या आणि प्रत्येक वेळी विचारा, हे नसतं तर गाणं कुठे अडलं असतं? उत्तर सुचलं नाही तर ते वाद्य तिथे नको.

यात एक फसगत असते. सारख्या पातळीचे दोन वेगवेगळे आवाज एकत्र आले की एकूण पातळी साधारण ३ डीबीने वाढते, आणि मोठं ते कानाला चांगलं वाटतं. म्हणजे काहीही घातलं तरी गाणं भरल्यासारखं वाटणार आणि काहीही काढलं तरी ओकंबोकं वाटणार. म्हणून दोन्ही रूपं सारख्याच मोठेपणाने ऐकून मगच ठरवा.

काढायचं धैर्य किती मोठं असू शकतं याचं प्रसिद्ध उदाहरण अमेरिकन गायक प्रिन्सचं आहे. १९८४ साली ‘व्हेन डव्ह्ज क्राय’ या गाण्यातून त्याने बेस गिटार पूर्ण काढून टाकली. नाचायच्या गाण्यात बेस नाही ही तेव्हा न पटणारी गोष्ट होती, पण गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं.

एक तर पूर्ण ट्रॅक, नाही तर काहीच नाही

बासरी म्यूट करून शब्द सुधारले म्हणून ती सगळ्या गाण्यातून हाकलायची गरज नाही. दोन ओळींच्या मधल्या जागेत फिलर म्हणून ठेवा आणि ओळ सुरू होण्याआधी थांबवा. गायिका लांब स्वर धरते तिथेही बासरीला वाव मिळतो. कीबोर्डचा भाग मिडीमध्ये (आवाज नव्हे, तर कोणता स्वर कधी वाजला याची नोंद) असेल तर डाव्या हाताचे खालचे स्वर काढून पाहा. बेस गिटारचा चिखल त्यानेच पुष्कळदा साफ होतो. मात्र रेकॉर्ड केलेली बासरी सॉफ्टवेअरने सप्तकभर वर-खाली नेऊ नका. फुंक खोटी वाटते. त्यापेक्षा वादकाला पुन्हा बोलवा.

आवर्तन न पाहता कापणं

मधला म्युझिक पीस लांबला म्हणून तो छोटा करताना सर्वांत जास्त गाणी बिघडतात. सॉफ्टवेअरमधला प्रोजेक्ट ४/४ वर, म्हणजे चार मात्रांच्या बारवर ठेवलेला असतो, आणि केरव्यात ते बहुधा खपून जातं. पण दादरा सहा मात्रांचा आणि रूपक सात मात्रांचा. तिथे स्क्रीनवरची बारची रेघ आणि सम (आवर्तनाची, म्हणजे तालाच्या एका पूर्ण फेरीची, पहिली मात्रा) यांचा मेळच नसतो. रेघेवर कापलं की ठेका उलटा पडतो, आणि ताल न शिकलेल्या माणसालाही काहीतरी अडखळल्याचं जाणवतं.

आधी प्रोजेक्टमध्ये तालाची खरी विभागणी भरा आणि पूर्ण आवर्तनंच काढा. तीही मधली. पीसच्या शेवटच्या आवर्तनात तबलजीने मुखड्याकडे नेणारी तिहाई (तीनदा वाजवलेला तुकडा) किंवा उचल घेतलेली असते. ती गेली तर गायिका दार न वाजवता आत आल्यासारखी येते. आणखी एक गोष्ट सहज विसरली जाते, ती म्हणजे पुष्कळ मुखडे समेच्या आधीच उचललेले असतात. समेवर नेमका काप घेतला की पहिला शब्द किंवा त्याआधीचा श्वास तुटतो. अशा ठिकाणी आवाजाचा काप वेगळा आणि वाद्यांचा वेगळा घ्या. तबल्याचा काप आघाताच्या किंचित आधी हवा, आणि डग्ग्याचा घुमारा मध्येच तुटू नये म्हणून लहानसा क्रॉसफेड (एक तुकडा विरत असताना दुसरा वर आणणं) द्या.

म्यूट केल्यावर पुढचं न तपासणं

हार्मोनियम म्यूट केली तरी ती दूरवर, पातळ ऐकू येतेय? गायकाने स्वतः वाजवत गायलं असेल, तर ती त्याच्या माईकमध्ये लीक झालेली आहे. तिथे हार्मोनियम काढता येत नाही. ती हळू करून ठेवणं किंवा आवाज पुन्हा रेकॉर्ड करणं, एवढेच मार्ग आहेत.

किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) किंवा डग्गा काढल्यावर गायिका एकदम पुढे उडी मारत असेल तर मास्टरवरचा, म्हणजे संपूर्ण मिक्सवरचा कॉम्प्रेसर (मोठे आवाज दाबणारं साधन) बघा. त्याला दाबायला लावणारा आवाज गेल्यामुळे बाकी सगळं वर येतं. वाद्यं कमी झाल्यावर आवाजावरचा रिव्हर्बही (कृत्रिम घुमाराही) उघडा पडतो, तो थोडा कमी करा.

शेवटचा मुखडा उठत नसेल तर त्यात स्ट्रिंग्ज वाढवण्याआधी पहिल्या मुखड्यातल्या काढून पाहा.

न विचारता बदलणं

संगीतकाराने आणि वादकाने त्या जागेवर विचार केलेला असतो. मूळ प्रोजेक्टची प्रत वेगळ्या नावाने ठेवा, बदललेलं आणि न बदललेलं अशी दोन्ही मिक्स पाठवा, आणि काय काढलं ते सोबत स्पष्ट लिहा. दोन्हींत गाणाऱ्याच्या आवाजाची पातळी सारखी ठेवा, म्हणजे संगीतकाराला फक्त संयोजनाची तुलना करता येईल. त्याने जुनंच हवं असं सांगितलं, तर जुनं मिक्स तितक्याच मनापासून पूर्ण करा.