दाढीचा साबण आणि क्रीम: निवडताना व वापरताना या चुका टाळा

इंदूरमध्ये ज्यांच्या घरी नर्मदेचे पाणीही येते आणि बोअरिंगचेही, त्यांनी दाढी करताना एक गोष्ट नक्की अनुभवलेली असते. नर्मदेचा नळ आला त्या सकाळी ब्रशला जो दाट फेस सुटतो, तो टाकीत बोअरिंगचे पाणी असलेल्या सकाळी सुटत नाही. ट्यूब तीच, ब्रश तोच, पण फेस गालावर बसतो न बसतो तोच विरतो, पाते अडखळते आणि गळ्याजवळ लाल पुरळ उमटते. लोकमान्य नगरात आमच्या शेजारच्या काकांनी एका उन्हाळ्यात अशा चार ट्यूब बदलल्या आणि चारही कंपन्यांना नावे ठेवली. पावसाळ्यात पाणी बदलले, तेव्हा टाकून न दिलेली पहिलीच ट्यूब त्यांना पुन्हा आवडू लागली. काही साबण खरोखरच वाईट असतात, त्यामुळे तक्रार करणारा प्रत्येक जण चुकतो असे मुळीच नाही. परंतु वाईट साबण कोणता आणि वाईट वापर कोणता, हे ओळखता आले तर पैसे आणि कातडी दोन्ही वाचतात.

फेसाच्या ढिगाला भुलणे

सर्वांत जुनी आणि सर्वांत पक्की चूक म्हणजे जो साबण लवकर आणि भरपूर फेसाळतो तो चांगला, असे मानणे. दाढीच्या फेसाचे खरे काम केसाभोवती पाणी धरून ठेवणे आणि पात्याखाली निसरडा थर टिकवणे हे आहे. कोरडा केस चिवट असतो. पाणी शोषून तो फुगला की मऊ होतो आणि त्याला कापायला लागणारा जोर बराच कमी होतो. मोठमोठ्या बुडबुड्यांच्या फेसात हवाच अधिक असते, त्यामुळे तो दिसायला डोंगराएवढा असला तरी केसाला लागून असलेले पाणी अगदी थोडे असते, आणि दुसऱ्या गालापर्यंत पोचेतो पहिल्या गालावर नुसती पांढरी भुकटी उरते.

हा फरक मुळात तेलांतून येतो. खोबरेल तेलातील लॉरिक आम्लाचा साबण झटपट आणि मोठ्या बुडबुड्यांनी फेसाळतो, पण तो फेस लवकर बसतो आणि प्रमाण जास्त झाले तर कातडी कोरडी पाडतो. तेल-चरबीतल्याच स्टिअरिक आम्लाचा साबण फेसाळायला वेळ घेतो, परंतु त्याचे बुडबुडे बारीक, दाट आणि टिकाऊ असतात. म्हणून दाढीच्या चांगल्या साबणात स्टिअरिक आम्लाचा वाटा मोठा ठेवतात आणि खोबरेलाचा वाटा फेस सुरू करून देण्यापुरता. तयार फेस पारखायचा असेल तर ढिगाची उंची पाहू नये. चिमूटभर फेस अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये चोळून पाहावा. बोटे एकमेकांवरून सहज सरकली आणि थोड्या वेळानेही सरकत राहिली, तर फेस कामाचा आहे. इंदुरी वाचकांना दाटपणा सांगायचा तर सराफ्यातल्या दाट दुधी शिकंजीपेक्षा थोडा घट्ट आणि घोटलेल्या श्रीखंडापेक्षा थोडा सैल. ब्रश उचलल्यावर फेसाचे टोक उभे राहून किंचित झुकले पाहिजे.

अंगाच्या साबणावर भागवणे

साबण तो साबण, असे म्हणून अंघोळीची वडी गालावर फिरवणारे लोक आजही आहेत. विद्यार्थिदशेत मीही त्यांतलाच होतो. अंघोळीचा साबण मुख्यतः सोडियमचा, म्हणजे कॉस्टिक सोड्याने केलेला असतो. तो कठीण असतो, पाण्यात हळू विरघळतो आणि म्हणूनच वडी महिनाभर पुरते. दाढीच्या साबणात कॉस्टिक पोटॅश, म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइड वापरतात. स्टिअरिक आम्लाचा सोडियम साबण इतका कठीण होतो की थंड पाण्यात तो ब्रशला धड लागतही नाही. तोच पोटॅशियमचा केला की मऊ आणि सहज विरघळणारा होतो. वाटीतल्या घट्ट साबणात दोन्ही क्षार मिसळलेले असतात, तर ट्यूबमधल्या क्रीममध्ये बहुतेक भाग पोटॅशियमचाच असतो. वडीच्या वेष्टनावर छापलेला टीएफएमचा आकडा, ज्यात भारतीय मानकानुसार पहिल्या प्रतीच्या अंघोळीच्या साबणासाठी किमान ७६ टक्के अपेक्षित असतात, तो एकूण मेदाम्लांचे, म्हणजे लॉरिक, स्टिअरिक अशा तेल-चरबीतल्या आम्लांचे, प्रमाण सांगतो. ती मेदाम्ले कोणती आहेत आणि क्षार कोणता आहे, याबद्दल तो काहीच सांगत नाही. म्हणून त्या आकड्यावरून दाढीची वडी निवडणे व्यर्थ आहे.

पाण्याकडे दुर्लक्ष करणे

आता त्या काकांच्या चार ट्यूबकडे परत येऊ. या पाण्यासाठी झालेल्या १९७०च्या जनआंदोलनानंतर १९७८ साली नर्मदेचे पाणी जलूदहून सुमारे ७० किलोमीटर अंतर कापून, घाट चढून इंदुरात आले. तरीही अनेक वसाहतींत नळाच्या जोडीला बोअरिंग लागतेच आणि उन्हाळ्यात टँकरही. जमिनीतून येणारे पाणी खडकांतून झिरपताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सोबत घेऊन येते. हे दोन्ही साबणातल्या मेदाम्लांना पकडतात आणि पाण्यात न विरघळणारा चिकट साका तयार करतात. बादलीच्या काठावर जे राखाडी वलय बसते, तेच गालावर, ब्रशच्या मुळाशी आणि पात्याच्या फटीत बसत असते.

याचा थोडा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची, म्हणजे विरघळलेल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमची, स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरे पाणी उपलब्ध नसेल तर ६०० मिलिग्रॅमपर्यंत चालते. अशा ६०० मिलिग्रॅमच्या पाण्याचे २० मिलिलीटर आपण फेस करण्यात वापरले, तर त्यातले कॅल्शियम सुमारे ७५ मिलिग्रॅम साबण फुकट घालवते. काटकसरीने वाटाण्याएवढे, म्हणजे अर्धा ग्रॅम क्रीम घेतले आणि त्यात एक तृतीयांश खरा साबण आहे असे धरले, तर जवळजवळ निम्मा साबण फेस होण्याआधीच संपला. हेच क्रीम दीड ग्रॅम घेतले असते, तर तोटा सहाव्या हिश्श्यावर आला असता. ट्यूब पुरवून पुरवून वापरणाऱ्यांनाच क्रीम निकृष्ट वाटते, यामागचे एक कारण हे आहे.

उपाय स्वस्त आहे. एका दाढीच्या फेसाला वाटीभर पाणीही लागत नाही, तेव्हा तेवढ्यापुरते आरओचे किंवा नर्मदेचे साठवलेले पाणी घ्यावे आणि शेवटी चेहराही त्यातल्याच थोड्या पाण्याने धुवावा. पाणी उकळून, निवळू देऊन वरचे घेतले तरी काही प्रमाणात फरक पडतो, कारण कठीणपणाचा बायकार्बोनेटमुळे आलेला भाग उकळल्यावर खाली बसतो. पाणी तापवायच्या रॉडवर चढणारे पांढरे कवच म्हणजे तोच भाग. मात्र उरलेला कठीणपणा उकळून जात नाही. दोष पाण्याचा की साबणाचा, हे ठरवायचे असेल तर एकाच क्रीमचे सारखे दोन छोटे तुकडे दोन स्वच्छ बाटल्यांत घालावेत, एकीत आरओचे आणि दुसरीत बोअरिंगचे सारखेच पाणी ओतून दोन्ही हलवाव्यात. बोअरिंगच्या बाटलीत फेस कमी आणि पाण्यात दह्यासारख्या कण्या दिसल्या, तर नवी ट्यूब आणायला सियागंजात जाण्याची गरज नाही.

पुठ्ठ्याची पुढची बाजू वाचून मागची न वाचणे

पुढच्या बाजूला कोरफड, चंदन, कडुनिंब आणि बर्फाचे डोंगर असतात. कामाची गोष्ट मागच्या बारीक अक्षरांत असते. घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने दिलेले असतात, म्हणून पाण्याच्या पाठोपाठ स्टिअरिक आम्ल, पोटॅशियम हायड्रॉक्साइड, मिरिस्टिक किंवा खोबरेलाचे आम्ल आणि ग्लिसरीन ही नावे वरच्या ओळीत दिसली, तर पाया ठीक आहे असे समजावे. ग्लिसरीन ओलावा धरून ठेवते. कोरफडीचा अर्क सुगंधाच्याही खाली असेल, तर तो केवळ पुठ्ठ्यासाठी घातलेला आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मेंथॉलबद्दल थोडे वेगळे सांगावे लागेल. त्याने कातडी थंड होत नाही. थंडी ओळखणाऱ्या मज्जातंतूंना ते चेतवते आणि आपल्याला गारवा भासतो. त्यामुळे घासली गेलेली कातडी त्या वेळी तक्रार करत नाही, दोन तासांनी करते. ज्यांना वारंवार जळजळ होते त्यांनी काही आठवडे मेंथॉल नसलेले आणि सौम्य वासाचे किंवा बिनवासाचे क्रीम वापरून पाहावे. बहुतेकदा आग कशाची आहे ते तेव्हाच कळते. ‘ब्रशलेस’ लिहिलेल्या क्रीमला ब्रशने फेस आणण्याचा खटाटोप करणारेही भेटतात. ते क्रीम फेसासाठी नसतेच. ओल्या गालावर बोटांनी पातळ थर लावायचा असतो.

हातबनावटीच्या साबणांचे आकर्षण हल्ली वाढले आहे, आणि त्यांतले काही उत्तम असतात. तरी पारदर्शक ग्लिसरीनची वडी वाटीत ओतून तिलाच दाढीचा साबण म्हटलेले नाही ना, हे विचारून घ्यावे. निसरडेपणासाठी माती मिसळलेला साबण एका पात्याच्या रेझरला चालतो, पण तीन-चार पात्यांच्या काडतुसात तो फटी बुजवतो. साबण बनवताना क्षार जास्त झाला असेल तर पहिल्याच दिवशी चांगलीच आग होते. असा साबण ‘सवय होईल’ म्हणून वापरत राहू नये. साधा साबणही ९ ते १० सामूचा, म्हणजे अल्कधर्मी असतो आणि निरोगी कातडी सुमारे ५ सामूची; एवढा फरक ती रोज सहन करते, त्यावर मोकळ्या क्षाराची भर नको. शेवटी ओली तुरटी फिरवण्याची जुनी रीत याच कारणाने शहाणपणाची आहे: ती आम्लधर्मी आहे, कातडी आवळते आणि बारीक कापांतले रक्त थांबवते.

घाई

सलूनमधली दाढी घरच्यापेक्षा गुळगुळीत का होते, याचे श्रेय आपण न्हाव्याच्या क्रीमला देतो, आणि ते बहुतेक वेळा आपल्याच घरातले क्रीम असते. न्हावी आधी पाणी मारतो, बोटांनी गाल चोळतो, मग निवांतपणे ब्रश फिरवतो आणि हे करताना समोरच्याशी महापालिकेपासून क्रिकेटपर्यंत सगळे बोलतो. तेवढ्या गप्पांत केसाला हवी असलेली दोन-तीन मिनिटे मिळालेली असतात. घरी आपण तीस सेकंदांत पाते लावतो. अंघोळीनंतर दाढी करावी, किंवा कोमट पाण्याचा हात फिरवून फेस लावल्यावर दोन मिनिटे थांबावे. ब्रशवर पाणी एकदम न घालता थेंबाथेंबाने वाढवावे, कारण पहिल्या झटक्यात पातळ झालेला फेस पुन्हा दाट करायला आणखी क्रीम लागते. जनावराच्या केसांचा ब्रश असेल तर तो आधी पाण्यात भिजू द्यावा, नाहीतर फेसातले पाणी तोच पिऊन टाकतो.

पाते जुने झाले असेल तर साबण काही करू शकत नाही. अमेरिकेतील एमआयटीच्या संशोधकांनी २०२० मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली दाखवून दिले की पोलाद केसापेक्षा सुमारे ५० पट कठीण असूनही दाढी करताना त्याच्या धारेचे बारीक टवके उडतात. अशा धारेने फेसातूनही केस ओढले जातात आणि शिव्या मात्र ट्यूब खाते.

ठेवण्याची रीत

वाटीतला साबण वापरल्यावर लगेच झाकण लावून ठेवला तर पावसाळ्यात तो चिकट आणि गिळगिळीत होतो, कारण त्यातले ग्लिसरीन हवेतलाही ओलावा ओढत असते. वाटी तिरकी करून पाणी निथळू द्यावे, वर सुकल्यावरच झाकावी. ब्रश खळखळून धुऊन, झटकून मोकळ्या हवेत ठेवावा. कठीण पाण्याचा साका त्याच्या मुळाशी साचला असेल तर व्हिनेगर घातलेल्या पाण्यात थोडा वेळ बुडवून काढल्यास तो सुटतो. ट्यूब बंद गाडीत किंवा मेच्या उन्हात खिडकीशी ठेवू नये. क्रीममध्ये जी मोत्यासारखी चमक दिसते ती स्टिअरिक आम्लाच्या सूक्ष्म स्फटिकांची असते. उष्णतेने ते वितळून क्रीमची घडी बिघडू शकते आणि मग टोपण उघडताच आधी पाण्यासारखा द्रव व मागून दाणेदार लगदा बाहेर येतो. लगदा थोडा असेल तर ट्यूब बाहेरून चांगली मळून पाहावी. वास बदललेला असेल तर मात्र ती टाकून द्यावी.