मागच्या सस्पेन्शनला बाहेरचे पार्ट टाकलेत? अलाइनमेंटच्या या चुका टाळा

माझ्या जुन्या सिव्हिकला लोअरिंग स्प्रिंग (गाडी खाली बसवणाऱ्या) आणि मागे ॲडजस्टेबल कॅम्बर आर्म (चाकाचा उभा कल, म्हणजे कॅम्बर, बदलणारे दांडे) टाकले, त्याला चार महिनेही झाले नव्हते. यवतेश्वरचा घाट उतरून पोवई नाक्याजवळ हवा बघायला थांबलो. पंक्चरवाल्याने डाव्या मागच्या टायरला आतून हात लावला आणि झटकन मागं घेतला. तारा टोचल्या होत्या. बाहेरून बघाल तर टायर नवाकोरा. “आतनं खातोय की वो टायर. अलाइनमेंट करून घ्या.” केलं होतं ना, दोनदा! दोन्ही वेळा फक्त पुढचं.

“मागं काय नसतंय सर, पुढचंच असतंय,” हे आपल्याकडे बऱ्याच मशीनवाल्यांचं ठरलेलं उत्तर. स्विफ्ट, बलेनोसारख्या गाड्यांना ते लागू पडतं. त्यांच्या मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही चाकं जोडणारा आडवा दांडा असतो, फिरवायला बोल्टच नसतो. तिथे आकडे चुकले तर बीम वाकलाय का, बुश (सांध्यातले रबर) गेलेत का हे बघायचं. अगदीच झालं तर शिम (पातळ चकती) टाकायची. पण सिव्हिकला मागे डबल विशबोन आहे, स्कोडा लॉराला मल्टीलिंक, म्हणजे प्रत्येक चाक स्वतंत्र आर्मवर. तिथे मागेही सेटिंग असतं. कामाच्या आधी आणि नंतर अशी चारही चाकांची प्रिंट मागा. त्यावर मागचे आकडे नसतील तर काम अर्धंच झालंय.

आता खरी चूक, जी मशीनवर नाही तर फिटिंगच्या वेळीच होते. गाडी जॅकवर, चाकं लोंबकळत, आणि मिस्त्री त्याच अवस्थेत आर्मचे बोल्ट पूर्ण आवळून मोकळा होतो. रबर बुश बेअरिंगसारखा फिरत नाही. तो आतल्या-बाहेरच्या नळीला चिकटलेला असतो आणि आर्म हलला की पिळला जातो. लोंबत्या स्थितीत आवळला की गाडी खाली आल्यावर तो कायमचा पिळलेला राहतो. मग मागची बाजू बोटभर उंच दिसते, लोक म्हणतात स्प्रिंग अजून बसली नाही. त्याच उंचीवर अलाइनमेंट होतं. पुढे रबर फाटतं, गाडी बसते आणि सगळे आकडे हलतात. माझ्या गाडीत हेच झालं होतं.

उपाय फुकटचा आहे. गाडीखाली घोडे (जॅक स्टँड) लावून बोल्ट हातानेच घट्ट ठेवा. दुसरा जॅक हबखाली (चाक ज्यावर बसतं त्या भागाखाली) घेऊन चाकाची बाजू उचलत जा. गाडी घोड्यावरून सुटायच्या बेतात आली की थांबा आणि मग टॉर्क पान्याने आवळा. गॅरेजात गाडीखाली उतरायचा खड्डा असेल तर अजून बरं, चाकं जमिनीवर ठेवूनच आवळता येतं. नंतर दोन-तीनशे किलोमीटर चालवून, टायरची हवा आणि बेअरिंगचा प्ले (ढिलेपणा) तपासून मगच मशीनवर न्या.

क्रमही चुकवू नका: आधी मागचा कॅम्बर, मग मागचा टो (वरून बघता चाक आत-बाहेर किती वळलंय ते), शेवटी पुढचं. कॅम्बर आर्म फिरवला की टो हलतो. त्यामुळे टो आधी केला असेल तर ती मेहनत पाण्यात. आणि दोन्ही आर्म टेपने मोजून सारख्या लांबीचे केले म्हणजे झालं, असं नाही. दोन्ही बाजूंची बॉडी मिलिमीटरपर्यंत सारखी नसते. टायर खाल्ला की सगळे कॅम्बरला शिव्या देतात. माझ्या मते निम्म्याहून जास्त वेळा गुन्हेगार टो असतो. टायरच्या नक्षीवरून आडवा हात फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं तर टो. आतली कड नुसतीच सपाट झाली असेल तर कॅम्बर.

प्रिंट वाचतानाही फसगत होते. मशीनवर 0.10 अंश म्हणजे 6 मिनिटं (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग), आणि 0°10' म्हणजे 10 मिनिटं. कंपनीचा आकडा एका पद्धतीत आणि मशीन दुसऱ्या पद्धतीत असलं की हिशेब चुकलाच. मागच्या चाकांच्या नुसत्या एकूण टोवरही जाऊ नका. डावीकडे +0.20 आणि उजवीकडे -0.10 असेल तर एकूण 0.10 छान दिसतं, पण थ्रस्ट अँगल (मागची चाकं गाडीला मध्यरेषेपासून किती तिरकी ढकलतात तो कोन) 0.15 अंश निघतो. गाडी तिरकी चालते आणि सरळ रस्त्यावर स्टिअरिंग वाकडं धरावं लागतं.

घरच्या घरी अंदाज घ्यायला गवंड्याचा ओळंबा पुरतो. सपाट फरशीवर गाडी उभी करून दोरी मागच्या चाकासमोर सोडा. दोरीपासून रिमच्या वरच्या आणि खालच्या कडेचं अंतर मोजा. 16 इंची रिमला साधारण 7 मिलिमीटरचा फरक म्हणजे 1 अंश. याने सेटिंग करायचं नाही. डावं-उजवं सारखं आहे का एवढंच बघायचं.

सगळं नीट झाल्यावरही हायवेला मागून घूं-घूं आवाज येत राहिला तर लगेच बेअरिंग बदलू नका. करवतीसारखा झिजलेला टायर अगदी तसाच घोंगावतो. मागची चाकं पुढे टाकून बघा. आवाज पुढे सरकला तर दोष टायरचा.